नवव्या तासातल्या दहा फेऱ्या

या, जवळ येऊन बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या. माणसं थोडी सरकली की जागा होते. आज जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. या घरातल्या आत्याने बारा तासांच्या शर्यतीत तीनशे तेरा फेऱ्या मारल्या आणि विक्रम केला, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. त्या बारांमधल्या नवव्या तासात काय झालं ते मात्र मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. ते आज सांगतो. भिऊ नका. देवाच्या राज्याबाहेर कुणी जात नाही, मेल्यावरसुद्धा नाही.

त्या शर्यतीला एकोणीस वर्षं उलटली होती. रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते. आत्याचं घर मैदानाला पाठ लावून उभं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावपट्टीचं शेवटचं वळण दिसतं, मध्ये फक्त पत्र्याचं कुंपण. उभं राहिलं तर पत्र्यावरून धावणाऱ्यांची डोकी दिसतात. खिडकीखालच्या बाकावर बसलं तर पत्र्याखालच्या फटीतून नुसते पाय. टेबलाभोवती पाचजण जमले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आत्याची भाची चिंगी याच मैदानावर तो विक्रम मोडायला उतरणार होती. पाचातले तिघे एका बाजूला होते, एकजण दुसऱ्या, आणि आत्या कुणाच्याच बाजूला नव्हती.

भांडण विश्रांतीवरून होतं.

चिंगीची आई नर्स. तिचं म्हणणं सरळ होतं: आठ तास झाले की पोरीने वीस मिनिटं आडवं व्हायचं, पाय उंच करायचे, मगच पुढे. मागच्या महिन्यात सरावाला न थांबता धावली, त्या संध्याकाळी लघवी चहासारखी काळी झाली होती. रुग्णालयात अशा रंगाची माणसं कशी येतात आणि कशी जातात, हे तिने अठ्ठावीस वर्षं पाहिलं होतं. ती हे सगळं आवाज न चढवता सांगत होती. नर्सबाईंचा आवाज खाली गेला की घरातले बाकीचे घाबरतात.

"आत्या कुठे थांबली होती?" चिंगी म्हणाली. "बारा तासांत एकदाही नाही. बाबाच सांगतात ना. मी वीस मिनिटं झोपले तर तीनशे चौदा होतील कशा?"

बाबा म्हणजे घड्याळजी. चौकात त्यांचं दुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग लावून लावून उजवी भुवई कायमची वर गेलेली. एकोणीस वर्षांपूर्वी बहिणीच्या फेऱ्या त्यांनीच मोजल्या होत्या. तेव्हाची रीतच तशी होती. ज्याचा धावणारा त्याचा मोजणारा. रेषेशी बसायचं, प्रत्येक फेरीला वेळ लिहायची, तासातासाला संघटनेचा माणूस येऊन सही करून जायचा. घड्याळजींच्या कागदावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. त्यांच्या हाताला सेकंद सापडायचे, तसे दुसऱ्याला चष्मे सापडत नाहीत.

ते मुलीच्या बाजूने होते. धाकटे भाऊ, म्हणजे चिंगीचे काका, ते पाट्या रंगवायचे, आणि तेही मुलीच्याच बाजूने. मैदानाच्या फाटकावरचा आत्याचा आकडा दर वर्षी तेच नव्याने रंगवत. त्यांनी तर नव्या आकड्याची जागाही मनात आखून ठेवली होती. वहिनीला त्यांनी चिडवलं, की वहिनी, तुम्ही म्हणजे घोड्याला शर्यतीत चादर पांघरणाऱ्या.

नर्सबाई हसल्या नाहीत. त्या नणंदेकडे वळल्या.

"ताई, तुम्हीच सांगा तिला. तुम्ही आडव्या झाला होतात की नाही त्या दिवशी?"

आत्या टेबलावरची मिठाची बाटली फिरवत राहिली. छप्पन्न वर्षांची, सडसडीत, अजूनही पहाटे चालायला जाणारी बाई. पण चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची तिला सवय. घरातल्यांना वाटायचं, कुत्र्यांना भिते.

"झाले असेन जराशी," ती म्हणाली.

"जराशी नाही, एकवीस मिनिटं," नर्सबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून एक जुनी वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

शर्यतीच्या प्रथमोपचार तंबूत त्या दिवशी त्यांचीच पाळी होती. तंबू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, वळणाच्या आत. रेषेवरून तिथलं काही दिसत नसे. वहीत त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: दुपारी दोन दहाला धावपटू आत आणली, चक्कर, ओकारी, नाडी मंद. दोन एकतीसला बाहेर गेली. मधे चार वेळा नाडी मोजल्याची नोंद होती.

घड्याळजी प्रथम थट्टेवर गेले, की तुझ्या रुग्णालयाची घड्याळं मी दुरुस्त केलीत, मला माहीत आहे ती कशी चालतात. मग रागावले. मग उठून आत गेले आणि आत्याच्या कपाटातून मूळ कागदांची गुंडाळी घेऊन आले. भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं ते फक्त शेवटचं पान, एकूण आकड्याचं. आतली पानं एकोणीस वर्षांत कुणी उलगडली नव्हती. का उलगडतील? आकडा फाटकावर होता.

नववा तास चिंगीनेच शोधला. बोट खाली आणत दोन दहापाशी आली आणि मोठ्याने वाचू लागली. दोन मिनिटं सहा सेकंद. दोन मिनिटं सहा सेकंद. दोन मिनिटं सहा सेकंद. तिसऱ्यानंतर तिचा आवाज बारीक झाला, पण ती दहापर्यंत वाचत गेली. दहाही सारख्या. त्याच्या आधी आणि नंतर फेऱ्या सव्वादोन मिनिटांच्या, अडीच मिनिटांच्या, माणसाच्या फेऱ्या असतात तशा वरखाली. मध्ये या दहा, एका साच्यातून काढल्यासारख्या. दहांची बेरीज बरोबर एकवीस मिनिटं.

"तू चुकलास, दादा," काका हळूच म्हणाले. असं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं.

"मी चुकलो नाही."

"मग वहिनी चुकल्या."

"मी तिचं मनगट धरून बसले होते," नर्सबाई म्हणाल्या. "मनगट चुकत नाही."

आता घड्याळजींच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. माणूस दहा फेऱ्या एका सेकंदाचाही फरक न पडता मारत नाही. लंबकसुद्धा थोडा हलतो. पण ते मोजणीच्या वेळी धावणाऱ्याचं तोंड कधी बघत नसत. तोंड बघितलं की दया येते आणि दया आली की सेकंद निसटतो, असं त्यांचं मत. ते फक्त रेषा बघायचे आणि रेषेवर पडणारा पाय. आणि तो पाय त्यांच्या ओळखीचा होता. डावा, किंचित आत वळलेला, टाचेआधी कड टेकवणारा. या घरातल्या बायकांचा पाय. बहिणीचा तसा, आता चिंगीचाही तसाच.

आईचाही तसाच होता.

ही आई कोण ते मागच्या प्रकरणांतून तुम्ही जाणताच, तरी पुन्हा सांगतो, तिचं सांगून संपत नाही. या तिघा भावंडांची आई मैदानावर कामाला होती. धावपट्टीच्या पांढऱ्या रेषा आखायच्या, हे तिचं काम. डब्यात फक्की घ्यायची, वाकून, डबा हलवत हलवत रेषा सोडत जायची. एक झाली की शेजारची. तीस वर्षं तिने ते मैदान पायाखाली घातलं; पाय घोट्यापर्यंत पांढरे, धुतले तरी भेगांतून फक्की निघायची नाही. धावली मात्र कधी नाही. धावणाऱ्यांसाठी रेषा आखून ती बाजूला व्हायची. आत्याच्या शर्यतीच्या तीन महिने आधी खिडकीसमोरच्या त्याच वळणावर, रेषा अर्धी असताना ती गेली.

"त्या दहा फेऱ्यांना बूट नव्हते," घड्याळजी म्हणाले. टेबलाकडे बघत म्हणाले. "अनवाणी पाय होता. पांढरा. मला वाटलं, बेबीने बूट काढले असतील, फक्की लागली असेल. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं."

छप्पन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं. एरवी ती त्यावर कुरकुरायची. आज नाही कुरकुरली.

चिंगी तडकन उठली. तिला राग आला होता, आणि राग नेमका कुणावर धरावा हे सुचत नव्हतं. उद्याची शर्यत तिची होती आणि घरातले सगळे एका मेलेल्या बाईच्या पायांबद्दल बोलत होते. पाय मोकळे करून येते, दहा फेऱ्या हळू, एवढं म्हणून ती मागच्या दाराने मैदानावर गेली.

ती गेल्यावर काका पुढे सरकले. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, ही गोष्ट पाच माणसांत आहे, पाचातच राहू दे. ताईची शाळेतली खेळशिक्षिकेची नोकरी त्या आकड्यावर लागली, मानसन्मान त्यावर झाले, पुढची नऊ वर्षं ती त्याच नावावर धावली. दहा फेऱ्या काढल्या तर उरतात तीनशे तीन. आणि परगावच्या त्या टपालखात्यातल्या बाईच्या तीनशे आठ आहेत, विक्रमांच्या यादीत ताईच्या खाली. म्हणजे एकोणीस वर्षं जी दुसरी म्हणून राहिली, ती पहिली. "त्या बाईचं नाव मी माझ्या ब्रशाने फाटकावर लिहू? आपल्या आईच्या मैदानावर?"

घड्याळजी भावाच्या बाजूला झुकले होते. ते मानेवरून कळत होतं. त्यांचा आयुष्यातला एकच कागद खोटा ठरणार होता. सवयीने ते खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसले आणि सवयीनेच पेन्सिल हातात घेतली. पत्र्याखालून चिंगीचे पाय गेले. त्यांनी रेघ मारली. नर्सबाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या; त्यांना पत्र्यावरून मुलीचं डोकं दिसत होतं, वर बांधलेले केस. त्या मनात मोजत होत्या. नवराबायको कितीतरी वर्षांनी एका खिडकीत उभे होते, एक खाली बघत, एक वर.

मुलगी परत आली तेव्हा नर्सबाईंच्या दहा झाल्या होत्या.

घड्याळजींच्या कागदावर वीस रेघा होत्या.

"बाकावर बसून डोळा लागला असेल तुझा," काका म्हणाले, पण ते स्वतः खिडकीपासून दोन पावलं मागे गेले होते.

चिंगी दारात उभी राहून पाणी प्यायली. मग आत्याला म्हणाली, "तू कशाला आलीस मागून? मी हळू झाले की तूपण हळू. पुढे तरी जायचंस."

आत्या जागची हलली नव्हती. मिठाची बाटली अजून तिच्या हातात होती.

नर्सबाईंनी मुलीला वळवून उभं केलं. पोटऱ्यांवर, बुटांच्या टाचांवर पांढरी पूड उडालेली होती, कुणी अगदी लगटून मागे धावावं तशी. आता सांगा, मैदानावर गेली बारा वर्षं रेषा तैलरंगाने आखतात. फक्कीचा डबा कुणी पाहिलासुद्धा नाही.

आणि तेव्हा आत्या बोलली. इतकी वर्षं न बोललेलं माणूस बोलतं तसं, सावकाश, आधीच्या शब्दावर पाय नीट टेकवून मग पुढचा.

तंबूत ती खाटेवर पडली होती, डोळे मिटलेले होते. बाहेरून पावलं गेली. तिला वाटलं दुसरं कुणी. मग डाव्या पायाचा तो आवाज ओळखू आला, स्वतःचाच. ती आत, आणि तिची पावलं बाहेर. दहा वेळा गेली. तिने मोजली. भीती वाटली नाही. उलट, लहानपणी ताप आला की आई तिच्या वाटचं काम उरकून टाकायची, तसं वाटलं. संध्याकाळी तीनशे तेराचा आकडा ऐकला तेव्हा ती समजली होती. आणि गप्प बसली.

"गप्प बसले तेव्हापासून ती मागे आहे," आत्या म्हणाली. "नऊ वर्षं ज्या ज्या शर्यतीत धावले, शेवटच्या तासाला पावलं मागे. मी थांबले तर ती माझ्या वाटची धावणार. म्हणून मी थांबलेच नाही. गुडघे गेले तरी. लोक म्हणायचे, काय जिद्द. जिद्द कसली, दादा. मला तिला धावायला लावायचं नव्हतं."

"आणि आता?" नर्सबाईंनी विचारलं.

"धावणं सोडल्यावर चालते तेव्हाही मागे असते. तिने माझ्यासाठी दहा फेऱ्या उचलल्या, त्या कागदावर माझ्या नावाने आहेत. काम पुरं झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नाही. एकोणीस वर्षं झाली, वहिनी. आई अजून थांबलेली नाही. आणि आज ती चिंगीच्या मागे लागली."

काकांच्या मनात जे आलं ते त्यांनी बोलून दाखवलं, कारण ते पोटात ठेवणारे नव्हते. मग उद्या चिंगीला हरवणार कोण, असं ते म्हणाले. आजी असताना.

चिंगीने काकांकडे बघितलं. वीस वर्षांची ती पोर, आजीला तिने फोटोतसुद्धा वाकलेलीच पाहिली होती. तिने स्वतःच्या पोटऱ्यांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पांढरं बघत राहिली, आणि आईच्या बाजूला जाऊन बसली. दुपारपासून पहिल्यांदाच.

"बाबा, खोडा त्या दहा," ती म्हणाली.

घड्याळजींनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने मान हलवली. त्यांनी लाल पेन्सिल काढली, नवव्या तासाचं पान सरळ केलं, आणि पहिल्या 'दोन मिनिटं सहा सेकंद'वर आडवी रेघ मारली.

पत्र्यापलीकडून पावलं गेली.

चिंगी खोलीत होती. मैदान रिकामं होतं. नर्सबाईंनी उभं राहून पाहिलं, पत्र्यावर एकही डोकं नव्हतं. घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि थांबले. दोन मिनिटं सहा सेकंदांनी पावलं पुन्हा आली. त्यांनी दुसरी रेघ मारली. काका देवाचं नाव पुटपुटत होते. तोंडाने थट्टा करणाऱ्या माणसांना ते लवकर आठवतं, आणि देवालाही अशी माणसं आवडत असावीत.

तिसरी. चौथी. पाचव्या वेळेला पावलं दोन मिनिटं वीस सेकंदांनी आली. सहाव्या वेळेला तीन मिनिटं लागली. सातव्याला ती धावत नव्हती, चालत होती. आठव्याला डावा पाय घासत होता. खोलीतल्या कुणी कुणाकडे बघितलं नाही. "दमली," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण माणूस असल्याची एवढी खूण त्यांना त्या कागदात एकोणीस वर्षांत सापडली नव्हती. नववी यायला सात मिनिटं लागली.

दहाव्या वेळेला पावलं खिडकीपर्यंत आली आणि पुढे गेलीच नाहीत. पत्र्यापलीकडे, अगदी बाकाच्या उंचीला, कुणीतरी लांब श्वास सोडत खाली बसलं. घड्याळजींनी शेवटची रेघ मारली. बाजूला आजची तारीख लिहिली आणि सही केली. खाली आत्याने सही केली, मग नर्सबाईंनी वेळेची साक्ष म्हणून.

संघटनेला द्यायचं पत्र आत्याने सांगितलं आणि चिंगीने लिहिलं. फार लांब नव्हतं. माझ्या फेऱ्या तीनशे तीन. दहा माझ्या नाहीत. पहिला मान टपालखात्यातल्या त्या बाईंचा आहे, त्यांना तसं कळवावं, आणि उशिराबद्दल मी त्यांची क्षमा मागते. दहा कुणाच्या, ते पत्रात लिहिलं नाही. लिहून संघटनेने काय केलं असतं?

काका उठले, पायरीवरचा रंगाचा डबा उचलला, आणि फाटकाकडे निघाले. दारातून वळून एवढंच विचारलं, की त्या बाईंचं नाव नीट लिहून द्या कुणीतरी, माझ्या हातून चूक नको. नर्सबाईंनी चिठ्ठी दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दिराने वहिनीच्या शब्दावर काम केलं.

आत्या मागच्या दाराबाहेर गेली. पत्र्याच्या कडेकडेने ती मैदानाच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली. आली ती खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या झोपली, दिवसाउजेडी, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलासारखी. वाटेत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंगीने दोनशे शहाण्णव फेऱ्या मारल्या. विक्रम झाला नाही. दोन वाजून चार मिनिटांनी ती तंबूत आडवी झाली, पाय उंच करून, आई मनगट धरून बसलेली. रेषेशी बाबा होते. या वेळी ते येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड बघत होते आणि त्यांना दया येत होती, आणि ते येऊ देत होते. त्या वीस मिनिटांत चिंगीच्या नावाने रेषेवरून कुणी गेलं नाही. कागदावर तेवढी जागा कोरी आहे. घड्याळजी म्हणतात, एवढं चांगलं पान माझ्या हातून दुसरं झालं नाही.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आत्याला लोक आठवतील, शाळेत तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत. टपालवाल्या बाईंना आठवतील, त्यांचं नाव फाटकावर आहे. पण त्या दहा फेऱ्या आता कुणाच्याच नावावर नाहीत, कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणून हात जोडून मागतो. घरी जाताना कुठे जमिनीवर आखलेली पांढरी रेघ दिसली, तर घटकाभर थांबा, आणि वाकून रेषा आखणाऱ्या, अनवाणी, डावा पाय आत टाकणाऱ्या त्या बाईची आठवण काढा.